फड सुटल्यावर सोंगाड्या : दात, कान, कागद आणि बतावणी (खान्देशापुरता धागा)

तापीकाठ

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की तमाशाचे फड मोडतात. राहुट्या ट्रकवर चढतात, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली की नाही ते वहीत बघितलं जातं, माणसं आपापल्या गावी जातात. नाचणारी बाई पस्तिशी-चाळिशीत घरी बसते. सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट, साठीपर्यंत सहज खेचतो, कारण टक्कल, ढेरी, वाकलेली कंबर हे त्याचं भांडवलच असतं. त्यामुळे त्याचं म्हातारपण उशिरा येतं आणि येतं तेव्हा एकाच हंगामात येतं. श्रावण-भाद्रपदात उचल घेऊन कोणी दारात आलं नाही की समजायचं.

घरात, गल्लीत किंवा गावात असा माणूस ज्यांच्या जबाबदारीवर आहे त्यांच्यासाठी हा धागा. "काय तो काळ होता" छापाच्या आठवणी इथे नकोत. काय करायचं, काय बिघडतं, का बिघडतं, एवढंच लिहा.

एक गोष्ट आधीच मांडून ठेवतो. सोंगाड्याचं सगळं तोंडी असतं. करार तोंडी, बतावणी (सरदाराचं काम करणाऱ्या नटाबरोबरचा विनोदी संवाद) तोंडी, हिशेब मालकाच्या वहीत, आणि नाव हँडबिलावर एक तर आधारवर दुसरं. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

कागदवाला

मग मानधनापासूनच सुरुवात करू.

राज्याची योजना जुनी आहे, १९५४-५५ पासूनची. आताचं नाव राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने आहे : ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. आधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेणी होत्या (३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये). एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये. वय ५० च्या वर हवं, दिव्यांगांना सवलत आहे. कलेतली किमान १५ वर्षं दाखवावी लागतात आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत लागतं. निवड जिल्ह्यागणिक वर्षाला १०० जणांची, म्हणजे अर्ज बरोबर असूनही रांग आहेच. अर्ज आता ऑनलाइन भरायचा. अडलं तर पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारायचं.

अर्ज कुठे आपटतात ते सांगतो.

पहिलं, नाव. फडात माणसाला गावाचं आडनाव लागतं, अमुक गावकर. आधारवर खरं आडनाव असतं. कागद तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन माणसं झाली. उपाय सोपा आहे : दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि त्यात रंगमंचावरचं नाव हँडबिलावर छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर. हँडबिलावर "सोंगाडे" असेल तर प्रतिज्ञापत्रात "सोंगाड्या" करू नका.

दुसरं, जिल्हा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या प्रत्येक पत्रिकेवर शहादा, तळोदा, नवापूर "जि. धुळे" असंच छापलेलं आहे. त्याच प्रतिज्ञापत्रात याचं एक वाक्य टाकून द्या, म्हणजे त्रुटी निघत नाही.

तिसरं, व्यवसायाचा रकाना. उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठ्याकडे "मजुरी" सांगितलेलं असतं, कारण पावसाळ्यात माणूस खरोखरच निंदणी-खुरपणीला जातो. मग चौकशीत प्रश्न येतो : उपजीविका कलेवर कुठे आहे? दोन्ही लिहून घ्या, आठ महिने लोकनाट्य कलावंत, चार महिने शेतमजुरी. खरंही तेच आहे.

एकवीराचौक

पुरावा काय काय चालतो? बहुतेकांच्या घरी एक फोटो आणि दोन मोमेंटो, बस्स.

कागदवाला

मोमेंटोचा उपयोग कमी, कारण बऱ्याच मोमेंटोंवर तारीखच नसते. माझ्या मते उतरता क्रम असा : आकाशवाणीचं करारपत्र (जळगाव केंद्रावर कार्यक्रम झाला असेल तर घरात शोधाच, त्यावर नाव, तारीख, मानधन सगळं असतं), मग तारखेसकटचं वर्तमानपत्राचं कात्रण, मग छापील हँडबिल, मग यात्रा समितीचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र.

कात्रण नसेल तर जुन्या ग्रंथालयात "देशदूत", "गावकरी", धुळ्याचा "आपला महाराष्ट्र" यांच्या फाइली आहेत का ते विचारा. वर्षभर चाळत बसू नका. यात्रेच्या तिथीवरून तारीख काढा. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, धुळ्याची एकवीरा देवीची चैत्रात, अमळनेरची सखाराम महाराजांची वैशाखात. त्या वर्षाच्या पंचांगातून तिथीची तारीख काढायची आणि पुढे-मागे आठ दिवसांचे अंक बघायचे. तमाशाच्या जाहिराती आतल्या पानांवर छोट्या चौकटीत असतात.

१५ वर्षं दाखवायची म्हणजे १५ कागद लागतात असं नाही, पण पहिला आणि शेवटचा कागद यांत तेवढं अंतर हवं. सगळे पुरावे एकाच हंगामाचे, ही चूक फार होते.

परिनिरीक्षण मंडळाचं (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र काही जण जोडतात. ते वगाच्या, म्हणजे तमाशातल्या नाट्याच्या, संहितेचं असतं, त्यात सोंगाड्याचा पत्ता नसतो. उपयोग नाही.

गिरणापल्याड

संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ चालू असेल तर?

कागदवाला

शासनाची दुसरी मासिक पेन्शन चालू असेल तर हे मिळत नाही. आधी ती बंद करून मग अर्ज, असं मात्र करू नका. निवड होईपर्यंत मधल्या काळात हातात काहीच राहत नाही. अर्जातल्या अटी वाचा, मंजुरी आली तर दुसरी पेन्शन सोडून देईन असं लेखी देता येतं का ते कार्यालयात विचारा आणि मगच हलवा.

एकरकमी मदतीचं वेगळं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना चष्मा, कानाचं यंत्र, काठी यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, ती मासिक पेन्शन नाही. एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट, ७५ पासून फुकट. ७० पूर्ण असतील तर उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड निघतं, ते आधी काढा. त्याला कलावंत असण्याचाही पुरावा लागत नाही!

आता नाजूक मुद्दा, पण लिहायलाच हवा. मानधन घेणारा गेला तर ते त्याच्या पती किंवा पत्नीला पुढे चालू राहतं. अर्जात दोघांचा एकत्र फोटो मागतात तो त्यासाठीच. फडातल्या माणसाचा संसार कधी कधी दोन ठिकाणी असतो, एक गावात आणि एक फडात, आणि शेवटची दहा-पंधरा वर्षं सांभाळणारी बाई कुठल्याच कागदावर नसते. कोण बरोबर कोण चूक हे या धाग्यावर ठरवायचं नाही. पण रेशनकार्ड, बँकेतलं नामनिर्देशन आणि अर्जातला फोटो या तिन्हींत एकच नाव असू द्या, आणि ते माणूस शुद्धीत असताना त्याच्या तोंडून ठरवून घ्या. दहाव्यानंतर हा वाद मिटत नाही.

ढोलकीपुडी

कागद झाले असतील तर जरा शरीराकडे येऊ. सगळे गुडघ्यांबद्दल बोलतात. माझ्या मते सोंगाड्याचं काम आधी कानात संपतं.

तीस-चाळीस वर्षं डाव्या किंवा उजव्या हाताला हलगी आणि कडं ही वाद्यं वाजतायत, तीन-चार फुटांवर. अशा आवाजाने आधी जातो तो ३,००० ते ६,००० हर्ट्झचा पट्टा. माणसाला आवाज येतो, शब्द फुटत नाही. क, त, फ, स गळतात. आता बतावणीत सरदार म्हणतो "कुठं गेला व्हतास?" आणि सोंगाड्याला "कुठं" ऐवजी नुसतं "उठं" ऐकू येतं. तो अर्धा सेकंद थांबतो. हशा त्या अर्ध्या सेकंदातच असतो, तो गेला. आणि लोक म्हणतात, बुवा विसरायला लागला. विसरलेला नसतो, ऐकलेलं नसतं.

कान तपासून घ्या, प्रत्येक कानाचा आलेख वेगळा मागा. हलगी ज्या बाजूला होती तो कान बहुधा जास्त गेलेला निघतो. मग घरातही चांगल्या कानाच्या बाजूने बोला. यंत्र घेतलं तर दोन गोष्टी. बटणासारख्या सेलवरचं रंगीत स्टिकर काढलं की तो वापरा-न वापरा उतरायला लागतो, साधारण आठवडाभर पुरतो. आणि लाऊडस्पीकरजवळ गेल्यावर यंत्रातून आवाज नको इतका मोठा येतो, म्हणून मंचावर चढताना काढून खिशात. पहिले पंधरा दिवस "भांडी फार वाजतात" म्हणून तो यंत्र फेकून देईल. सुरुवातीला रोज दोनच तास लावा.

कळणाभाकर

ढोलकीपुडी, कानाचं पटलं, पण दात विसरलात. कवळी बसली की अर्धी बतावणी जाते.

त, थ, द, ध, न या अक्षरांना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते. कवळीची पट्टी तिथे जाड असली की "दादा"चं "डाडा" होतं. स म्हणताना शिटी वाजते. दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगा की हा बोलण्यावर जगणारा माणूस आहे, आणि मेणावर दात लावून दाखवतात त्या भेटीत त्याला आरशासमोर बोलायला लावा. नुसतं "आ करा, बंद करा" नाही, पूर्ण गवळणीतलं पेंद्याचं (कृष्णाच्या सवंगड्याचं) बोलणं. मेणावर असताना दात हलवता येतात. पक्की कवळी झाल्यावर नुसतं घासता येतं.

खालची कवळी हा खरा शत्रू. वरची टाळूला चिकटून राहते, खालची घोड्याच्या नालासारखी नुसती हिरडीवर टेकलेली असते, तिला धरून ठेवतात ती जीभ आणि गाल. सोंगाड्याची सवय काय? जीभ बाहेर काढणं, गाल फुगवणं. कवळी प्रेक्षकांत जाते. (एकदा हशा मिळतो, दुसऱ्यांदा नाही.) चिकटवायची पेस्ट मिळते : कवळी कोरडी पुसून वर तीन, खाली दोन ठिपके, तुरीच्या दाण्याएवढे. जास्त लावली तर घशात उतरते आणि पकडही कमी होते.

दात काढल्यावर हिरडी भरायला सहा-आठ आठवडे द्या. पहिल्या वर्षात जबड्याचं हाड झपाट्याने झिजतं, म्हणून वर्षभरात कवळी ढिली होणार हे धरूनच चाला. नवी करायची गरज नसते, आतून अस्तर भरून मिळतं. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात वाकते. धुताना खाली पाण्याची बादली ठेवा, हातातून सुटली तरी फुटत नाही.

सराव म्हणजे रोज पंधरा मिनिटं पेपर मोठ्याने वाचणं. वाचता येत नसेल तर पाठ असलेली गवळण, पण निम्म्या वेगात.

सातपुडापायथा

एक सोय आपल्याकडे आहे : अहिराणीत ळ नाही. डोळ्याचा "डोया", काळ्याचा "काया". कवळीवाल्याला ळ म्हणताना जीभ मागे वळवावी लागते आणि खालची कवळी उचलते. सरदार पुस्तकी बोलतो, सोंगाड्या अहिराणीत उत्तर देतो, हा खान्देशी बतावणीचा जुना साचा आहेच. तोच पूर्ण धरला तर निम्मी अडचण जाते.

खाण्याचं : कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर गरम आमटीत कुस्करून चालते. भरीत चालतं, पण त्यातले शेंगदाणे कवळीखाली जाऊन हिरडीला जखम करतात. घरच्यांना वाटतं कवळी टोचते.

कळणाभाकर

खरं शे भाऊ, शेंगदाण्यांचं लक्षात नव्हतं.

तंबाखूचं पण लिहितो. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवडे तसाच असेल, किंवा आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल तर "फडाचा घसा आहे, बसणारच" म्हणून सोडू नका. तपासा. ज्येष्ठमध चघळून चट्टा जात नाही.

गिरणापल्याड

घरच्यांचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं झोपेचं असतं. रात्री तीन वाजता हा माणूस चहा करायला उठतो, सुना वैतागतात.

ढोलकीपुडी

फड म्हणजे रात्री नऊ-दहाला गण आणि वग संपायला पहाट. आता ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद, मोजके दिवस १२ पर्यंत सूट, म्हणून खेळ आखूड झाले आणि पहिली कात्री बतावणीवर चालली. पण जुन्या माणसाचं शरीर अजून पहाटेच्या वगावर लागलेलं असतं. हट्टाने नवाला झोपवू नका. तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा, उठल्यावर लगेच अंगणातल्या उन्हात बसवा, चारनंतर चहा बंद. महिना-दीड महिना लागतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, इथेच सगळे हरतात, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी दुसरं करण्यासारखं काही नसतंच.

आणि रोजची दारू असेल तर घरी एकदम तोडू नका. हात थरथरणं, भास, झटका येऊ शकतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डॉक्टरला सांगून, गोळ्यांच्या आधाराने.

पडणं बंद. सोंगाड्याचं "बदकन पडणं" हे साठीनंतर खुब्याचं हाड मोडण्याचं आमंत्रण. मंचावर पडायचंच तर सरदाराच्या अंगावर झुकायचं, सरदाराने धरायचं. हशा तेवढाच येतो.

एकवीराचौक

आमच्याकडे यात्रा समिती सत्कार ठेवतेय. शाल, श्रीफळ, मानपत्र. काही सूचना?

तापीकाठ

एकवीराचौक, शाल कमी करा आणि पाकीट जाड करा. पाकीट मंचावर देऊ नका, आदल्या दिवशी घरी द्या. गाडी पाठवा. भाषणांच्या आधी सत्कार घ्या, नाहीतर बहात्तर वर्षांचा माणूस तीन तास लघवी दाबून बसतो. मानपत्रात त्याचं आधारवरचं नाव आणि फडातलं नाव दोन्ही छापा, तारीख, गाव आणि "इतक्या वर्षांपासून" असं स्पष्ट घाला, समितीचा शिक्का मारा. तोच कागद वरच्या अर्जाला लागतो. अलंकारिक मजकुराचा काही उपयोग नाही.

"दोन मिनिटं काहीतरी करून दाखवा" असं आयत्या वेळी माइक देऊन सांगू नका. एकट्या सोंगाड्याला बतावणी करता येत नाही. समोर सरदार लागतो.

सातपुडापायथा

याच मुद्द्यावर ध्वनिमुद्रणाचं बोलू. कॉलेजची पोरं येतात, म्हाताऱ्याला खुर्चीत बसवतात आणि म्हणतात, "बाबा, बतावणी सांगा." बाबा गोष्ट सांगितल्यासारखी सांगतात, पाच मिनिटांत संपते, पोरं म्हणतात काही विशेष नव्हतं. बतावणी पाठ नसतेच. समोरच्याच्या वाक्यावर सुचत जाते.

म्हणून आधी सरदाराचं काम केलेला एखादा जुना जोडीदार शोधा, नसेल तर ढोलकीवाला. ढोलकीवाल्याला टोकायच्या जागा माहीत असतात. हलगी हळू वाजवायची, वेगळ्या कोपऱ्यात. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर. फोन विमान मोडवर. पंखा आणि फ्रीज बंद, म्हणून उन्हाळा टाळा, दिवाळीनंतरची सकाळ उत्तम. अर्ध्या तासावर एक बैठक नको, कवळीने हिरडी दुखायला लागते आणि माणूस आखडतं घेतो. समोर चार-पाच बायाबापडी हसायला बसवाच, रिकाम्या खोलीत त्याला वेळ साधत नाही.

"तुमच्या किती बतावण्या आहेत" विचारू नका. आकडा नसतो. "तलाठी आला की काय व्हायचं?" "जावई पहिल्या आखाजीला आला की?" असं टोक द्या. चावट भाग वेगळ्या फाइलला घ्या आणि तो कोणाला ऐकवायचा हे त्यालाच विचारा. फाइलच्या नावात तारीख, गाव, दोघांची नावं. उतरवताना अहिराणी जशी कानावर येते तशी देवनागरीत उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. "शे"चं "आहे" केलं की विनोद मेला.

कागदवाला

यावर एक जोड. अहिराणी व्हिडिओवाले म्हाताऱ्या सोंगाड्याला सासरा किंवा पाटील करायला नेतात, दिवसाचे रोख पैसे हातावर ठेवतात आणि एका कागदावर सही घेतात. सही करण्याआधी कोणीतरी वाचा. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर कायद्याने ५० वर्षांपर्यंत हक्क असतो, तो त्याच्या वारसांच्याही कामाचा. चित्रीकरणात सामील व्हायला लेखी संमती दिली की पुढे अडवता येत नाही, व्यावसायिक वापराच्या मोबदल्यावर मात्र हक्क राहतो. कागदावर कामाचं नाव, तारीख आणि रक्कम नसेल तर ती हाताने लिहून मग सही. आणि एक प्रत फोटो काढून ठेवा, मानधनाच्या अर्जाला तोही पुरावाच.

गिरणापल्याड

मंजुरी आलेल्यांसाठी : पैसे मध्येच बंद पडतात, ते का?

कागदवाला

तीन कारणं. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला. बँक खात्याचं केवायसी संपलं. किंवा आधार ज्या खात्याला जोडलंय ते खातं बदललं, मग पैसे दुसऱ्याच, बहुधा मुलाने कधीतरी उघडलेल्या खात्यात जाऊन पडतात. बोंब मारण्याआधी बँकेत विचारा की आधार सध्या कुठल्या खात्याशी जोडलेलं आहे.

अंगठा यंत्रावर उठत नसेल तर दुसरी बोटं बघा, नाहीतर डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय कुठल्या केंद्रावर आहे ते विचारा. आणि आधारवरचा फोटो फार जुना असेल, मिशी असलेला, तर तोही एकदा बदलून घ्या. कवळी बसल्यावर चेहरा बराच वेगळा दिसतो.

कळणाभाकर

फोटो काढायला जाताना कवळी लावून जा.